नदीकाठच्या वाटेसाठी दप्तरातली एक ओळ

गेल्या फाल्गुनात, होळी उलटल्यावर, मी नर्मदेच्या दक्षिण तीराने पाच दिवस पायी चाललो. ओंकारेश्वरहून निघून, प्रवाहाच्या दिशेने पश्चिमेकडे, महेश्वरासमोरच्या नावडातोली या गावापर्यंत. या चालण्याला परिक्रमा म्हणण्याचा अधिकार मला नाही. परिक्रमा करणारा नदी सदैव आपल्या उजव्या हाताला ठेवतो, ती कोठेही ओलांडत नाही, आणि परंपरेने सांगितलेला तिचा काळ तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांचा आहे. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तीर मिळून हे अंतर अडीच हजार किलोमीटरांच्या पुढे जाते. त्यापुढे माझी पायपीट ती काय! तरीही त्या पाच दिवसांतून मी एक प्रश्न घेऊन परतलो. तो श्रद्धेचा नाही, दप्तराचा आहे, आणि म्हणूनच तो येथे मांडावासा वाटतो.

प्रश्न असा की, ज्या वाटेवरून पिढ्यान् पिढ्या माणसे चालत आली, ती वाट कोणाची? तिच्यावर चालण्याचा हक्क कोणत्या कागदावर लिहिलेला आहे? वाटेतल्या एका गावी तेथील पटवाऱ्यांची सहज गाठ पडली, तेव्हा मी त्यांना हे विचारले. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी चहा मागविला, गावचा नकाशा उलगडला आणि बोट ठेवून दाखविले : हा गावात येणारा रस्ता, ही शिवार, हा नाला, ही नदी. शेवटच्या शेताची सीमा आणि नदी यांच्यामध्ये एकही रेघ नव्हती. "बाबाजी, वाट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या कागदात ती नाही," ते म्हणाले. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कागदात नसलेली वस्तू आपल्या देशात किती काळ टिकते, हे कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना सांगावयास नको.

वाट कशी घडते

पहिल्या दिवशी ओंकारेश्वराहून मोरटक्क्याच्या पुलांपर्यंत मजल होती. निमाडात त्या दिवसांत गहू कापणीला आलेला असतो. टेकाडांवर पळस पेटलेला असतो आणि पहाटे मोहाच्या झाडाखालून जाताना पायांखाली टपोरी फुले येतात. दहा वाजेपर्यंत उन्हाचा ताप जाणवू लागतो. म्हणून सूर्योदयापूर्वी निघावयाचे, दुपार झाडाखाली किंवा एखाद्या आश्रमाच्या ओसरीवर काढावयाची आणि उन्हे कलल्यावर पुन्हा दोन तास चालावयाचे, असा क्रम आपोआपच ठरून गेला.

माझ्याबरोबर सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. ते मात्र खरे परिक्रमावासी. पौषात अमरकंटकाहून निघालेले, पासष्टी ओलांडलेले, खांद्यावर एक झोळी, हातात काठी आणि पायांत टायरच्या वहाणा. मी त्यांना गुरुजी म्हणत असे. वाट कशी ओळखावी हे त्यांनी मला शिकविले. नदीचा काठ सलग नसतो. दर अर्ध्या-पाऊण मैलाला एखादा नाला किंवा ओघळ काठ कापीत नदीला मिळतो. अशा ठिकाणी नवखा माणूस सरळ जाऊ पाहतो आणि वीस फूट खोल दरडीच्या टोकाशी येऊन थांबतो. जाणता माणूस जमिनीकडे पाहतो. जेथे माती दोन फूट रुंदीत घट्ट आणि गुळगुळीत झालेली असते, तेथून खाली उतरावयाचे, नाल्याच्या मुखाशी वाळूतून पलीकडे जावयाचे आणि समोरच्या दरडीवर पायऱ्यांसारख्या पडलेल्या खाचांतून वर यावयाचे.

ही वाट कोणी बांधलेली नाही. दरवर्षी श्रावण-भाद्रपदात पूर येतो आणि तिचा बराच भाग पुसून नेतो. दिवाळीनंतर परिक्रमावासी चालू लागले, गुरे पाण्यावर जाऊ लागली, बाया घाटावर येऊ लागल्या की ती पुन्हा उमटते. कधी पाच हात आत सरकते, कधी पाच हात बाहेर. म्हणजे ही वाट दगडामातीची नसून वहिवाटीची आहे. दोन-तीन वर्षे कोणी चालले नाही तर ती संपली. नकाशात ती न येण्याचे एक कारण हेच असावे. कारण मोजणीदाराला स्थिर वस्तू हवी असते. पण म्हणून ती खरी नाही असे नव्हे. नदीदेखील दरवर्षी सरकते, तरी तिची रेघ नकाशावर असतेच.

या वाटेला जोडूनच सदावर्ताची व्यवस्था उभी आहे. तिसऱ्या प्रहरी एका घरापुढून जाताना एका वृद्ध बाईंनी 'नर्मदे हर' म्हणून आम्हांला थांबविले, पदराआडून पीठ, डाळ, मिठाचे खडे आणि चार सुक्या मिरच्या काढून गुरुजींच्या झोळीत घातल्या. त्या म्हणाल्या, पूर्वी परिक्रमावासी खालच्या वाटेने, त्यांच्या वडाखालून जात. आता खाली तारेचे कुंपण झाले, म्हणून ते गावातून जातात, आणि ज्यांना रस्ता सापडत नाही ते थेट मोठ्या सडकेवर जातात. "सडकेवर त्यांना जेवायला कोण घालणार?" असे त्यांनी विचारले. त्या प्रश्नात या लेखाचे निम्मे म्हणणे येऊन गेले. वाट हलली की तिच्याबरोबर तिच्या आधाराने जगणारे आतिथ्यही हलते. चौपदरी रस्त्यावर वडाची सावली नसते आणि ओसरीही नसते.

तीन ठिकाणी तुटलेली वाट

पाच दिवसांत वाट कोठे कोठे तुटली याची मी नोंद ठेवली. कारणे तीन प्रकारची होती.

पहिले कारण कुंपणाचे. काठावरच्या शेतकऱ्याने नदीवर पंप बसविला, नळ टाकला आणि नळाच्या राखणीसाठी तार थेट दरडीच्या कडेपर्यंत नेली. यात त्याचा दुष्टावा नाही. पंप चोरीला जातात, गुरे पिकात शिरतात. मी ज्या-ज्या शेतकऱ्याशी बोललो, त्याने आम्हांला तार उचलून आत घेतले आणि पलीकडे पोहोचविले. पण हा त्याचा चांगुलपणा झाला, आमचा हक्क नव्हे. उद्या शेत विकले गेले आणि नवा मालक शहरात राहणारा निघाला, तर तार उचलणारा हातच उरणार नाही.

दुसरे कारण वाळूचे. ट्रॅक्टर पात्रात उतरविण्यासाठी काठ फोडून उतार केलेले असतात. पात्रात माणूसभर खोल खड्डे असतात आणि नाल्याच्या मुखाशी, जेथून पायवाट जावयाची, तेथे दलदल झालेली असते. ज्या वाळूवर हिवाळा सरल्यावर टरबूज-खरबुजांच्या वाड्या लागत, तेथे चाकांच्या चाकोऱ्या दिसतात.

तिसरे कारण पाण्याचे, आणि ते सर्वांत मोठे. आमच्या टप्प्यात नदी वाहती होती. पण दगडांवर सकाळी जी ओली रेषा दिसे ती रात्री चढून गेलेल्या पाण्याची असे. वर धरण आहे, तेथे वीज निर्माण होते, आणि विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडले जाते. नदीची भरती-ओहोटी आता चंद्रावर नव्हे, कारखान्यांच्या आणि शहरांच्या वेळापत्रकावर चालते. मात्र ते वेळापत्रक काठावर चालणाऱ्याच्या हाती नसते.

याचा अर्थ काय होतो हे बकावां गावी ध्यानी आले. नर्मदेतल्या गोट्यांना घासून, आकार देऊन त्यांची शिवलिंगे करण्याचा धंदा या गावात घरोघर चालतो. एका कारागिराने सांगितले की, त्याचे वडील दगड आणावयास वरच्या बाजूला, धाराजीच्या कुंडाकडे जात. ते ठिकाण आता पाण्याखाली गेले आहे. धाराजी हे नाव ऐकताच गुरुजी थांबले. ७ एप्रिल २००५ च्या रात्री, फाल्गुन अमावास्येच्या यात्रेसाठी धाराजी येथे हजारो माणसे नदीच्या खडकांवर उतरली होती. वरच्या बाजूच्या इंदिरा सागर धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी तेथे पोहोचले आणि पन्नासांहून अधिक भाविक वाहून गेले. यात्रा गुप्त नव्हती. ती दरवर्षी त्याच तिथीला भरत होती आणि पंचांगात तिची तिथी छापलेली होती. परंतु पाण्याचे दरवाजे ज्या कागदावर चालतात त्या कागदाला पंचांग ठाऊक नव्हते. काठावर माणसे असतात, ही गोष्टच त्या हिशेबातून गळली होती.

वाटेची नोंद हा केवळ भाविकांच्या सोयीचा विषय नाही, असे मी म्हणतो ते यासाठी. काठावर माणसांची वाट आहे असे दप्तरात लिहिलेले असेल, तर पाणी सोडणाऱ्याला त्या माणसांना कळविणे भाग पडते. जे लिहिलेले नाही त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

भरपाई कोणी मागावी?

आमच्या टप्प्यात वाट तुटत होती. अन्यत्र ती बुडाली आहे. जबलपूरजवळचे बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले आणि मंडल्याकडच्या काठाचा मोठा पट्टा जलाशयात गेला. २००४ मध्ये इंदिरा सागरसाठी हरसूद हे शहर उठविण्यात आले. सरदार सरोवराची पायाभरणी १९६१ मध्ये झाली, लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला, आणि १३८.६८ मीटर उंचीच्या त्या धरणाचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले. त्याचा फुगवटा दोनशे किलोमीटरांहून लांब आहे. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो, याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांना नर्मदेचा काठ आहे, आणि तेथील ३३ गावे बुडिताच्या यादीत आली. मणिबेलीजवळचे जुने शूलपाणेश्वराचे मंदिर पाण्याखाली गेले. गुजरातेत गोरा येथे नवे उभारण्यात आले. शूलपाणीच्या झाडीतून जाणारी जुनी तीरवाट आता जलाशयाच्या तळाशी आहे. आजचा परिक्रमावासी एक तर डोंगरातून धडगाव-मोलगीकडे वळतो, नाही तर नदी सोडून शहाद्याच्या बाजूने सडक धरतो.

हा धरणविरोधाचा लेख नाही. धरणांनी कच्छ-सौराष्ट्रातील तहानलेल्या गावांना पाणी दिले, वीज दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. विस्थापितांचा प्रश्न याहून कितीतरी मोठा आणि वेदनामय आहे, आणि त्याची तुलना वाटेशी करणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. मला फक्त एका वगळलेल्या रकान्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. घर बुडाले तर घराचा मोबदला मागता येतो, शेत बुडाले तर शेताचा. मिळतो की नाही, पुरेसा मिळतो की नाही, हा वाद निराळा. पण मागणारा माणूस असतो आणि कागदावर त्याचे नाव असते. वाट बुडाली तर मोबदला कोणी मागावा? ती सर्वांची असते म्हणून कोणाचीच नसते. देऊळ हलविले जाते, पुतळा हलविला जातो, सडक वरच्या पातळीवर नव्याने बांधली जाते. पायवाट मात्र मुकाट्याने बुडते.

ओलांडण्याची नदी आणि काठाची नदी

तिसऱ्या दिवशी आम्ही रावेरखेडीला पोहोचलो. तटाने वेढलेल्या आवारात पहिल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, येथेच त्यांचा देह पडला. त्या ओट्यावर बसल्यावर मनात आले की, आम्हां मराठी माणसांच्या इतिहासात नर्मदा ही ओलांडण्याची नदी आहे. फौजा नर्मदापार गेल्या, वकील नर्मदापार गेले. बखरींत नदी येते ती उतार कोठे सापडला एवढ्यापुरती. परिक्रमावासीयाची नर्मदा नेमकी याच्या उलट आहे. ती ओलांडावयाचीच नाही, तिच्या कडेने जावयाचे. ओलांडणाऱ्याला नदीची एक जागा कळते; कडेने जाणाऱ्याला ती सलग कळते. कोठे पाणी निवळ आहे, कोठे शहराचा नाला मिळतो, कोठे दरड ढासळते, कोठे गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपे जगली आणि कोठे नुसते खड्डे राहिले, हे त्याला आपसूक दिसत जाते. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी वयाच्या पन्नाशीजवळ तुकड्यातुकड्यांनी ही परिक्रमा चालावयास घेतली. पुढे बुडालेले काठ त्यांनी बुडण्यापूर्वी पायाखाली घातले, आणि त्यांच्या पुस्तकांमुळे ते काठ आज निदान कागदावर उरले आहेत. आपल्या गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ला याच वाटेचा आधार आहे. वाट होती म्हणून पाहणारा माणूस होता. प्रदूषण मोजण्याची यंत्रे बसविता येतील. पण सगळी नदी पायाने पाहिलेला साक्षीदार यंत्राने निर्माण होत नाही.

दप्तरात जागा आहे

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक गोष्टीसाठी कायदा कशाला? माझे म्हणणे असे की नवा कायदा नकोच आहे. जुन्या कायद्यांत जागा आहे, ती भरावयाची राहिली आहे.

मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत प्रत्येक गावासाठी 'वाजिब-उल-अर्ज' नावाचे दप्तर सांगितले आहे. गावच्या वहिवाटी, पाण्याचे हक्क, जाण्यायेण्याचे हक्क, मासेमारीचे हक्क त्यात नोंदवावयाचे असतात. ज्या वाटेने सबंध गावासमोर दरसाल परिक्रमावासी जातात, तिच्याहून अधिक निर्विवाद वहिवाट कोणती असू शकेल? काठच्या प्रत्येक गावाच्या या दप्तरात एक ओळ लिहिली गेली की काम झाले : 'नदीच्या तीराने, तीर सरकेल तसा सरकणारा, पायी जाण्याचा सार्वजनिक मार्ग.' तीर सरकेल तसा, हे शब्द महत्त्वाचे आहेत. नाही तर पहिल्याच पुरात हक्क वाहून जाईल.

आपल्याकडेही असेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा आणि नद्यांची पात्रे ही दुसऱ्या कोणाच्या मालकीची नसतील तर शासनाची मालमत्ता ठरतात. कलम १४३ प्रमाणे बांधावरून शेतात जाण्याचा मार्ग तहसीलदार देऊ शकतो, आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडविलेला रस्ता मोकळा करून मागता येतो. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात घेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला, तो स्वागतार्हच आहे. पण हे सारे आपल्या शेतात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. नदीच्या कडेने गावामागून गाव चालत जाणारा माणूस या कोणत्याही तरतुदीत वादी होऊ शकेल असे दिसत नाही. त्याला शेत नसते, बांध नसतो. फक्त वाट असते.

ज्यांना परदेशाचा दाखला हवा त्यांच्यासाठी टेम्सचे उदाहरण आहे. त्या नदीच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढीत चालत. नावांचा धंदा बसला, ठिकठिकाणचे तराफे बंद पडले, आणि एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाणारी ती घोडवाट तुकड्यातुकड्यांत तुटली. परंतु १९४९ च्या कायद्याने तेथील परगण्यांवर पायवाटांचे नकाशे तयार करण्याची जबाबदारी टाकली होती. ज्या वाटेची रेघ त्या नकाशावर आली, तिच्यावर चालण्याचा हक्क कागदाने शाबीत झाला. टेम्सचे तुटलेले तुकडे जोडले गेले, आणि १९९६ मध्ये उगमापासून लंडनपर्यंत १८४ मैलांची सलग वाट लोकांसाठी खुली झाली. ती खासगी शेतांतून जाते, कुरणांतून जाते. शेतकऱ्याची जमीन कोणी घेतली नाही. त्याने फाटक ठेवावे आणि चालणाऱ्याने ते लावून घ्यावे, एवढाच व्यवहार आहे.

दोन धोके

अर्थात नोंद झाली की सर्व सुरळीत होईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यात दोन धोके आहेत.

पहिला धोका असा की, सरकारच्या लक्षात वाट आली की सिमेंटही येते. नदीकाठ म्हणजे भिंत, फरशी, दिवे आणि बाके, ही कल्पना शहरांतून आता गावांकडे येऊ लागली आहे. भिंत घातली की नाल्याची मुखे बुजतात, पुराला पसरावयास जागा उरत नाही, आणि गुरांना पाण्यावर उतरता येत नाही. आळंदी-पंढरपूरच्या पालखी मार्गाचे रुंदीकरण करताना वारकऱ्यांसाठी बाजूने वेगळी वाट राखण्याचे ठरले, हे योग्यच झाले. कारण ती मुळातच सडक आहे. नदीकाठच्या वाटेला मात्र रुंदीकरण नको, तिला फक्त मोकळीक हवी. दोन फूट रुंदीची माती, नाल्याच्या काठी दगडाच्या चार पायऱ्या, कुंपणाला एक फाटक आणि दर मजलेला पाण्याची एक जागा, याहून अधिक तिला काही नको. जेथे जलाशय आहे तेथे पूर्ण भरल्या पातळीच्या वरून, काठाकाठाने अशीच वाट आखून द्यावी. आणि पाणी सोडण्याच्या वेळा काठच्या गावांत व घाटांवर रोज फळ्यावर लिहाव्यात. त्याला फारसा खर्च नाही.

दुसरा धोका आपल्या बाजूचा आहे. परिक्रमा आता मोटारीनेही होते; पंधरवड्यात सर्व घाटांचे दर्शन घेऊन परतता येते. वृद्धांना, आजाऱ्यांना ती सोय आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु चालणारेच कमी झाले तर वहिवाट संपेल, आणि वहिवाट संपल्यावर नोंद मागण्याचा आधारच उरणार नाही. वाट चालण्यानेच राहते, हा नियम श्रद्धाळूंना जसा लागू आहे तसाच आपल्यासारख्या नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांनाही. प्रत्येकाच्या तालुक्यात एक नदी आहे. कृष्णा, भीमा, गोदा, पूर्णा, वैनगंगा, नाही तर एखादा नाव नसलेला ओढा. शाळेने वसंतात, परीक्षांच्या आधी किंवा नंतर, एक दिवस मुलांना त्या नदीच्या कडेने पाच मैल चालवून आणावे. वाट कोठे आहे, कोठे अडली आहे, कोणी अडविली आहे, याचा नकाशा मुलांनी स्वतः काढावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. भूगोलाचा आणि नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा पुस्तकात मिळणार नाही.

नावडातोलीच्या काठावर

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही नावडातोलीला आलो. १९५२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी महेश्वर-नावडातोलीचे उत्खनन हाती घेतले, आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर शेती करून राहणाऱ्या माणसांची घरे, मडकी आणि धान्य उजेडात आणले. त्यात गहू होता. आम्ही आलो तेव्हा टेकाडाजवळच्या शेतात गव्हाची मळणी चालू होती. समोर, पैलतीरावर, अहिल्याबाईंचे घाट उन्हात चमकत होते. ज्या बाईंनी देशभर वाटसरूंसाठी विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे बांधली, त्यांची ही राजधानी. पायी चालणारा हा राज्याने सेवा करावयाचा माणूस आहे, हा विचार त्या काळी राज्यकर्त्यांना परका नव्हता.

माझी रजा संपत आली होती. मी नावेत बसलो. गुरुजींना नदी ओलांडावयाची नव्हती. ते काठावरच थांबले. मला महेश्वरला पोहोचावयास दहा-पंधरा मिनिटे लागली. त्यांना तेच महेश्वर गाठण्यासाठी समुद्रापर्यंत जाऊन, तेथे नावेने मुख पार करून, उत्तर तीराने परत यावयाचे होते. म्हणजे निदान दोन महिने. पुढची वाट कशी आहे, असे मी निघताना त्यांना विचारले. "बडवानीपर्यंत आहे म्हणतात," ते म्हणाले, "त्यापुढे लोक सांगतील तसे जायचे." मग काठी उचलून ते पश्चिमेकडे वळले. नाव मध्यावर आली तेव्हा ते एका कुंपणापाशी उभे राहून कोणाला तरी हाक मारीत असलेले मला दिसले.